कापलेले तीस दिवस

फिलू,

डोंबिवलीच्या आपल्या चित्रपट मंडळाने तुझ्यावर अंक काढायचं ठरवलं आहे. चिटणीस बाईंचा फोन आला होता. "जाधवसाहेब, मॅडमची माहिती पाठवा ना, एक पान पुरे." मी त्याच दुपारी पाठवली. शिक्षण, कॉलेजातली नोकरी, मंडळातली व्याख्यानं, छापून आलेले लेख, अपुरं राहिलेलं पुस्तक. सोळा नोंदी झाल्या. वाचून पाहिल्यावर वाटलं, यात तू कुठेच नाहीस. म्हणून अंकासाठी हे वेगळं लिहितो आहे, आणि तुलाच लिहितो आहे, कारण यातलं बरंचसं तू असताना सांगायला हवं होतं.

आधी घरचं. गॅस आता माझ्या नावावर आहे. उरलेली औषधं दवाखान्यात परत दिली. कॉलेजच्या लायब्ररीची सात पुस्तकं परत केली, आठवं सापडत नाही, शोधतो आहे. कढीपत्त्याची कुंडी शेजारच्या वहिनींकडे दिली, माझ्या हाती ती जगली नसती. तुझा भाऊ किनाऱ्यावरून आला तेव्हा सवयीने सुकट घेऊन आला. दारात पिशवी पुढे केली आणि तसाच उभा राहिला. "ताईला आणली," म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. आम्ही दोघांनी ती भाजली आणि भाकरीबरोबर खाल्ली. घरभर वास राहिला दोन दिवस. मी खिडक्या उघडल्या नाहीत.

तुझं पुस्तक मी टाइप करतो आहे. सहा प्रकरणं पूर्ण झाली आहेत. सातव्यापाशी अडलो आहे. ते का, हेच सांगायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कल्याणच्या चाळीत आपलं लग्नानंतरचं पहिलं घर आठव. एक खोली, तिच्यात अण्णा, आई, माझी बहीण सुमन आणि आपण दोघं. आपल्या वाट्याला स्वयंपाकाच्या ओट्याखालची जागा यायची आणि मध्ये जुनी चादर. तू किनाऱ्यावरच्या मोठ्या अंगणाच्या घरातून आलेली. पहिल्या आठवड्यात तू मला म्हणालीस, "इथे आपण भांडणार कुठे?" शनिवारी मी सिनेमाची दोन तिकिटं आणली. त्यानंतर आपण दर शनिवारी जायला लागलो, लागलेला असेल तो सिनेमा बघायचो. तीन तास शेजारी बसता यायचं आणि कुणी "सूनबाई, जरा पाणी" म्हणायचं नाही. लोकांना वाटायचं, नवीन जोडपं हौशी आहे. आपण फक्त अंधार विकत घेत होतो.

पण तू तू होतीस. महिनाभरात तू पडद्याकडे बघायला लागलीस. नायक-नायिका जवळ यायला लागले की माझ्या दंडाला चिमटा काढायचीस. "आता फूल येणार." आणि फूल यायचं. कधी दोन फुलं, कधी पक्षी, कधी कारंजं. तू खुदकन हसायचीस, आणि पुढच्या रांगेतले गृहस्थ मागे वळून म्हणायचे, "ताई, आम्हाला रडू द्या की जरा."

घरी चालत येताना तू विचारायचीस, "हे कुठे लिहिलंय रे? ओठ दाखवायचे नाहीत, असं कुठे लिहिलंय?"

मी म्हणायचो, "असेल नियम."

"मी शोधला. असा स्वच्छ नियम मला सापडला नाही. कोणीतरी कोणाला तरी तोंडी सांगितलं, बाकीच्यांनी मान डोलावली, आणि सगळे पाळत बसले."

तुझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण या रस्त्यावर सुरू झालं. कल्याण स्टेशनपासून चाळीपर्यंत, तुझ्या हातात शेंगदाण्याची पुडी. मला तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटलं. मी त्या वेळी नुकताच सरकारी नोकरीत लागलो होतो. न लिहिलेला नियम म्हणजे काय, हे मला तुझ्याहून जास्त कळायला हवं होतं.

तुझा मुख्य मुद्दा मंडळातल्या सगळ्यांना पाठ आहे. आपल्या पडद्यावर जोडपं कधी दोघांचं नसतं, तिसरा असतो. आधी बाप असतो, हवेलीच्या जिन्यावर उभा. मग येतो पोलीस. एका रविवारी डोंबिवलीच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तू म्हणालीस, "शेवटच्या मिनिटाला ती जीप येते ना, ती गुंडाला पकडायला येत नाही. गुंड केव्हाच आडवा झालेला असतो. ती येते या दोघांना हो म्हणायला. बापाने सोडलेलं बोट सरकार धरतं, आणि मग सिनेमा संपतो." एका निवृत्त काकांनी हात वर केला. "मॅडम, म्हणजे पोलीस उशिरा येतात ते मुद्दाम?" सगळा हॉल हसला, तूही. मग तू म्हणालीस, "काका, हसताय खरे, पण हा माझा चौथ्या प्रकरणाचा शेवट आहे."

हल्लीच्या सिनेमांबद्दल आपलं जमायचं नाही. मी म्हणायचो, आता सगळं बदललं. माजिवड्याच्या चौकात उभं राहून वर बघ, टॉवरच टॉवर. सिनेमातली पोरं तशाच एखाद्या पंचविसाव्या मजल्यावर राहतात, बाप मित्रासारखा, दाराला आतून कडी. आता कुठे आहे तुझा तिसरा? तू म्हणायचीस, "आत गेलाय. दोघं भांडतात ते बघ, एकमेकांशी नाही भांडत, कोणापुढे तरी साक्ष दिल्यासारखे बोलतात. कडी लावायला शिकले, एकटं राहायला नाही शिकले." मी म्हणायचो, प्रोफेसरीणबाई, तुमच्यापुढे हरलो. मी हरलेलो नसायचो. तुलाही ते माहीत असायचं.

पण एक मुद्दा माझा होता. वर्तकनगरला राहायला आल्यानंतरची गोष्ट. तू ओट्यापाशी कोळंबी सोलत होतीस आणि टीव्हीवर कुठलासा सिनेमा चालू होता. दोघं घरातून पळाली, पुढच्याच दृश्यात एका टेबलापाशी सह्या, हार, पेढे. मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालो, "साफ खोटं."

"काय खोटं?"

"आज नोटीस दिली तर तीस दिवस थांबावं लागतं. फलकावर नोटीस लागते, नाव, पत्ता, सगळं. कोणी हरकत घेतली नाही तर मग तीन साक्षीदार आणि सही. सिनेमात एका दुपारी उरकतात."

तुझ्या हातातली कोळंबी तशीच राहिली. "म्हणजे ते तीस दिवस कापलेत."

"कापलेत कसले, त्यांना माहीतच नाहीत."

"अरे, हा माझा अख्खा चॅप्टर आहे!" तसाच ओला हात तू माझ्या खांद्यावर मारलास. शर्टला वास लागला म्हणून मी चिडलो आणि तू म्हणालीस, "गप रे, सरकार. आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललास." पुढचे सहा महिने मी तुझ्यासाठी यादी केली. रकाने आखले: सिनेमा, कोण पळालं, किती वेळात सही झाली, साक्षीदार कोण. दोन पानं भरली. 'तीस दिवस थांबले' असाही एक रकाना ठेवला होता. तो रिकामा राहिला. सातव्या प्रकरणाचं नाव तू तेव्हाच ठरवलंस. या लेखाला मी तेच दिलं आहे. परवानगी विचारायची राहिली.

आपण स्वतः ते तीस दिवस थांबलो होतो. तू चर्चला जाणाऱ्या कोळ्यांच्या घरातली, मी कल्याणच्या बौद्ध चाळीतला, आपल्याला दुसरा रस्ताच नव्हता. नोटीस दिली आणि तू परत गावी गेलीस, मी चाळीत. महिनाभर तू रोज आईबरोबर मासळी निवडलीस आणि रविवारी चर्चमध्ये बसलीस, मी अण्णांबरोबर गप्प जेवलो. एकतिसाव्या दिवशी तू कॉलेजची पिशवी घेऊन आलीस, आत एक साडी आणि डबा. सही झाल्यावर आपण दोन्ही घरी सांगितलं. तुझे वडील सहा वर्षं बोलले नाहीत. मी या सगळ्याचा अर्थ एवढाच लावला की कायदा चांगला आहे. नियमाने गेलं की होतं. नोकरीत बदली होत होत मी विवाह नोंदणीच्या त्याच टेबलावर पोचलो, तेव्हा मला अभिमान वाटला होता. तू शेजाऱ्यांना सांगायचीस, "आमचे हे लग्नं लावतात."

आता सहावा क्रमांक.

माझ्या तपासयादीचं तुला कौतुक होतं. नोटीस आल्यापासून दाखला देईपर्यंत काय काय करायचं, त्याचे अकरा मुद्दे मी एका पानावर टाइप केले होते. वयाचे पुरावे, पत्त्याचे पुरावे, नोंदवहीत नोंद, फलकावर प्रत, असं. नवीन माणूस आला तरी चुकणार नाही, अशी. पान प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलं. दुसऱ्या एका कार्यालयाने मागून नेलं. त्यातला सहावा मुद्दा होता: 'दोन्ही पक्षांच्या पालकांच्या पत्त्यावर नोटिशीची प्रत रजिस्टर पोस्टाने, पोचपावती नस्तीत लावणे.'

तो कायद्यात नाही. एक पक्ष दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या कार्यालयाला प्रत जाते, ते कायद्यात आहे. आईबापांना पत्र पाठवा, असं कुठेही नाही. एकदा एका मुलीच्या वडिलांनी कार्यालयात येऊन टेबल उलटं केलं होतं, आम्हाला का नाही कळवलं म्हणून. तेव्हाचे साहेब घाबरले. मला म्हणाले, "जाधव, पुढच्यापासून घरी एक प्रत टाकत जा. आपण लपवलं असं कोणी म्हणायला नको." एवढंच, तोंडी. ते साहेब बदलून गेले. मी ती गोष्ट यादीत घातली, तिला क्रमांक दिला, आणि त्या दिवसापासून ती नियम झाली. साहेबांनी नाही केली, फिलू. मी केली.

निखिल तुझा विद्यार्थी. माजिवड्याचा, इतिहासात पहिला आलेला, मंडळात खुर्च्या मांडायला यायचा. प्राची शहाडची. तिच्या घरी हे चालणार नव्हतं, जात आडवी येत होती. दोघं आपल्याकडे आली तेव्हा तू पोहे केले होतेस. प्राची पोह्यांना हात लावत नव्हती. "मॅडम, घरी कळलं तर मला बाहेर पडता येणार नाही." तू तिच्या पाठीवर हात ठेवलास. "कळायचं काय कारण? काकांकडे जा. आमचं पण तिथेच झालं. महिनाभर तोंड बंद ठेवायचं, बस्स. आम्ही ठेवलं ना?" आणि माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली.

मी मान हलवली, कारण त्या क्षणी मला सहावा क्रमांक आठवलाच नाही. खरंच नाही आठवला. तो माझ्या हाताला होता, डोक्याला नव्हता. चार दिवसांनी त्यांची नोटीस आली. मी यादीप्रमाणे एकेक खूण करत गेलो. पाकिटावर शहाडचा पत्ता मीच लिहिला, माझ्या अक्षरात. पोस्टात गेल्यावर संध्याकाळी लक्षात आलं की हे ते पाकीट. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाऊन थांबवता आलं असतं का? कदाचित. मी गेलो नाही. स्वतःला सांगितलं, सगळ्यांना जातं, ओळखीच्यांना वगळलं तर तो पक्षपात. हे वाक्य मी तेव्हा दोनदा मनात म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा ते मला बरोबर वाटलं होतं.

पोचपावती आठवड्याने आली. वडिलांची सही होती. नस्तीत लावली.

एकतिसाव्या दिवशी निखिल तीन साक्षीदार घेऊन आला. पिशवीत हार होते. बाकावर बसला. प्राचीचा फोन तीन आठवडे बंद होता, हे त्याला माहीत होतं, तरी आला. मी पाच वाजता टेबल आवरलं आणि त्याला म्हणालो, "बेटा, नोटीस तीन महिने चालते. अजून वेळ आहे." तो मला "थँक यू काका" म्हणाला. तीन महिनेही गेले. प्राचीला दूर मामाकडे नेलं होतं, पुढे तिकडेच तिचं लग्न झालं.

त्या दिवशी घरी आल्यावर तू दारातच विचारलंस, "त्यांना कळलं कसं?"

मी म्हणालो, "फलकावर असतं सगळं. पाहिलं असेल कोणीतरी."

इतकी वर्षं आपण भांडलो, फुलांवरून, जीपवरून, आईच्या दुखण्यावरून, तुझ्या गावावरून. खोटं मी एकदाच बोललो. पुढच्या आठवड्यात मी दुपारी कायद्याचं पुस्तक काढून दोनदा वाचलं. सहावा क्रमांक नव्हता. मी पुस्तक जागेवर ठेवलं, आणि त्यानंतरही पत्रं पाठवत राहिलो. थांबवायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं की आधीच्या सगळ्या पाकिटांचं काय, असा प्रश्न आला असता. जावक नोंदवहीत ती सगळी नावं आहेत, ओळीने. त्यातल्या काहींची लग्नं झाली. ज्यांची झाली नाहीत ती का झाली नाहीत, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

एकदा तू सातव्या प्रकरणाचं वाचत होतीस. चष्मा कपाळावर, पाय खुर्चीवर. सहज विचारल्यासारखं म्हणालीस, "काही कार्यालयांतून घरी पत्र जातं म्हणे. तुमच्याकडे जातं का रे?"

मी म्हणालो, "प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी."

तू चष्मा डोळ्यांवर घेतलास आणि माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस ते सांगता येणार नाही, पण कुकरची एक शिट्टी मध्ये झाली. मग पुस्तकात डोकं घातलंस. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. आजारपणातही नाही, आणि तेव्हा आपण किती बोललो! मला वाटायचं, आता विचारेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तू माझ्या जेवणाचं विचारायचीस.

तुला कळलं होतं का, फिलू? कळून तू माझ्यासाठी गप्प राहिलीस, की उत्तर ऐकायची तुलाच भीती होती, की खरंच कळलं नव्हतं? तीनही शक्यता मी कागदावर लिहून पाहिल्या. पहिली खरी असेल तर मला तुझे पाय धरायला हवे होते. दुसरी खरी असेल तर एवढी वर्षं तू माझ्याशेजारी एकटी झोपत होतीस. तिसरी खरी असेल तर तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस. कुठल्याही बाजूने बाहेर पडता येत नाही. तुझ्या वहीत सातव्या प्रकरणाच्या शेवटी एक ओळ आहे: 'घरी पत्र. याला नीट विचारायचं.' खाली अर्धं पान कोरं आहे. तारीख नाही. तू कधीच तारीख घालायची नाहीस, मी किती सांगायचो.

तुझ्या मातीला निखिल आला होता. नाशिककडे असतो आता. माझा हात धरून म्हणाला, "मॅडमनी आमच्यासाठी खूप केलं काका. प्राचीलापण कळवलंय मी. रडली." 'आमच्यासाठी' म्हणाला तो, अजून. मी त्याला चहा घेऊन जा म्हणालो. हे छापून यायच्या आधी त्याला सांगायला हवं. त्याचा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तिसऱ्यांदा लावेन.

रजेवरून कामावर गेलो त्या दिवशी मी आधी टिपणी लिहिली. विषय: तपासयादीतील मुद्दा क्रमांक सहा वगळणेबाबत. खाली स्वच्छ लिहिलं की हा मुद्दा कायद्यात नाही, लेखी आदेशाने आलेला नाही, यादीत मी घातला आहे, आणि त्यामुळे काही अर्जदारांचं नुकसान झालं असण्याची शक्यता आहे. कार्यालयातल्या आत्ताच्या साहेब, मॅडम, माझ्या निम्म्या वयाच्या आहेत, हुशार आहेत. त्यांनी दोनदा वाचलं.

"जाधव, सुरू कुठल्या आदेशाने झालं होतं?"

"तोंडी, मॅडम."

"मग बंद पण तोंडी करा ना. उद्यापासून नका पाठवू. पान काढून टाका भिंतीवरचं."

"तसं केलं तर कधी पाठवतच नव्हतो, असं होईल."

"बरंच आहे की." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमची तीनच वर्षं राहिलीत. हे कागदावर आलं तर तुमच्याच अंगावर येईल. आणि माझ्यापण. तुम्ही आत्ता दुःखात आहात. कशाला?"

मी म्हटलं, यायला हवं. त्यांनी समासात 'चर्चा करावी' लिहून टिपणी परत पाठवली. तुला सांगायला नको, चर्चा करावी म्हणजे काय ते. मी पुन्हा पाठवली, पुन्हा तेच आलं. टिपणी आता माझ्या खणात आहे. कागदावर काही बदललं नाही, भिंतीवरचं पान मात्र कोणीतरी काढून टाकलं. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग आहेत.

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं. मुलगी पुढे होती, मुलगा तिच्या मागे कागदांची पिशवी धरून. अर्ज व्यवस्थित भरलेला, पुरावे क्रमाने लावलेले. मला बरं वाटलं. मुलीने अर्ज पुढे सरकवला, पण वरचा हात काढला नाही.

"काका, घरी काही पत्र-बित्र जातं का?"

"नाही."

"नक्की ना? माझ्या मैत्रिणीच्या वेळी गेलेलं म्हणून विचारते. तिला नंतर लय त्रास झाला."

इथे मला 'पद्धत वेगळी' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तेव्हा जायचं. मी पाठवायचो. कायद्यात नव्हतं तरी पाठवायचो."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वर बघितलं. मुलीने अर्ज परत ओढून घेतला. मला वाटलं, एवढं खरं बोललो तर समोरच्याचा विश्वास बसेल. बसला नाही. कशाला बसेल? ती मुलाला म्हणाली, "चल तू." दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मुलगा सांगत होता, "अगं, पण दुसरीकडे तरी काय गॅरंटी?" ती नखं खात होती. मी उठून गेलो नाही. गेलो असतो तर तिला वाटलं असतं, हा आता का मागे लागला आहे.

अर्ध्या तासाने ती एकटीच परत आली. अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "लिहून द्या."

"काय?"

"घरी पत्र पाठवणार नाही असं. तुमच्या नावाने."

असं लिहून द्यायचा मला अधिकार नाही. कुठल्या कागदावर, कुठल्या क्रमांकाने, काहीच नाही. मी कोरा कागद घेतला. 'या अर्जाबाबत कोणत्याही पालकाच्या पत्त्यावर पत्र पाठवण्यात येणार नाही. यापूर्वी तशी पत्रं मी पाठवत होतो, ते चूक होतं.' खाली पूर्ण नाव, सही, तारीख. शिक्का मारला नाही, तो कार्यालयाचा आहे. तिने कागद वाचला, घडी घातली, मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला. 'थँक यू' वगैरे काही म्हणाली नाही. पोच तेवढी मागितली.

नोटीस मी फलकावर लावली. ती लावावीच लागते, फिलू. ते कायद्यात आहे. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सगळं, जो येईल त्याला वाचता येईल असं. हातात टाचणी घेऊन मी थोडा वेळ उभा राहिलो होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, तिसरा फ्रेममध्ये आला. मग सरळ, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून लावली.

आता माझं टेबल मी दोन फूट सरकवून घेतलं आहे. बसल्या जागेवरून फलक दिसतो. कोणी समोर थांबलं की माझं पेन थांबतं. काल एक गृहस्थ बराच वेळ वाचत होते, बोट लावून, ओळ न् ओळ. मी उठून विचारलं, "कोणाचं बघताय?" ते म्हणाले, "कोणाचं नाही, टाइमपास. बायको आत फॉर्म भरतेय." मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता.

त्या नोटिशीचा आज अकरावा दिवस आहे.